सर्वांसाठी हटवा

१२ नोव्हेंबर

सकाळपासून रेंज ऑफिसला घेराव. गेल्या आठवड्यात धान कापताना वाघिणीने जी बाई नेली, तिचा दीर सगळ्यात पुढे. एकच ओरड, "तुमी वाघ लपवून राह्यले. कॅमेऱ्यात दिसते, आमाले सांगत नाई." खोटं आहे. पण ज्या घरचं माणूस गेलं त्यांच्याशी वाद कसला घालायचा. खाली मान घालून ऐकलं.

शेवटी साहेब पायरीवर आले. आरएफओ, म्हणजे रेंजचे अधिकारी, नवीन आहेत, वय कमी, घाई जास्त. जाहीर करून टाकलं, उद्यापासून कॅमेऱ्यातले सगळे फोटो गावाच्या 'वाघ सावधान' ग्रुपवर. रोज.

मी साधी वनरक्षक, तरी हळूच म्हटलं, सर, काही हललं की कॅमेरा आपोआप टिपतो, निम्मे फोटो गाईंचे आणि हलणाऱ्या फांद्यांचे असतात, निवडून टाकू. "निवडलं की पुन्हा म्हणतील लपवलं. सगळे म्हणजे सगळे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. लेखी काही नाही. या साहेबांचं सगळं तोंडीच असतं, आणि निस्तरायचं आपण.

माझ्या फोनला कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड लागत नाही, म्हणून काम दिवाकरभाऊंच्या गळ्यात. बिचारे वनमजूर, नकार कुणाला देणार.

१४ नोव्हेंबर

दिवाकरभाऊ आणि मी, गावाजवळच्या तळ्याच्या, म्हणजे बोडीच्या पाळीवर दोन कॅमेरे बांधले. पाळीच्या मातीत ताजे ठसे होते, गावाकडे तोंड केलेले. पलीकडे सागवान, अलीकडे धानाच्या बांध्या, लगेच घरं. एवढ्या जवळ.

भाऊंना विचारलं, "इकडे बाया येतात का हो?" म्हणाले, "नाई मॅडम. बाया तिकडं नाल्यावर जातेत, जंगलाच्या बाजूनं." मी पुढे विचारलं नाही. तसंही गावाच्या वेशीवर हागणदारीमुक्तचा बोर्ड आहे, त्यामुळे कागदावर कुणी कुठेच जात नाही.

१८ नोव्हेंबर

वाघीण ट्रॅप झाली! आमच्या खात्यात असंच म्हणतात. कॅमेऱ्यात आली की 'ट्रॅप झाली', पिंजऱ्याशी संबंध नाही. दोन्ही बाजूंचे पट्टे स्पष्ट. ग्रुपवर टाकले तसे लोक खूश. त्या गेलेल्या बाईच्या दिरानेही हात जोडल्याची खूण पाठवली. बरं वाटलं.

बाकीच्या फोटोंवर पोरांची करमणूक चालते. सरपंचांचा पुतण्या पंकज त्यात पुढे. वाघ आला की गर्दी आवरायला गावातली पोरं घेऊन केलेल्या आमच्याच कृती दलातला, जॅकेट आणि टॉर्च आम्हीच दिलेला. कुणाच्या तरी बैलाभोवती लाल गोल करतो, वर लिहितो, 'ओळखा पाहू कोणाचा'. गाव हसतं. मीही हसले, खोटं कशाला.

२३ नोव्हेंबर

लिहू नये असं वाटतंय. लिहिते.

सकाळी दिवाकरभाऊंनी कार्ड मोबाईलला लावलं, सगळे फोटो एकदम निवडले, ग्रुपवर टाकले आणि धानाचे भारे बांधायला गेले. एकेक पाहिला नाही. कोण पाहतं, ढीग असतो. मी चहा घेताना उघडलं. धुकं, कुत्री, गाई. आणि मधेच एक मुलगी. पहाटेची, पाळीवर, माणूस ज्या कामाला एकटाच जातो त्या कामाला बसलेली. चेहरा सरळ कॅमेऱ्याकडे. तिला कळलंसुद्धा नसणार. आमच्या कॅमेऱ्याचा उजेड वाघाला दिसत नाही याचं आम्हाला केवढं कौतुक.

ओळखीची आहे. दहावीत. वन्यजीव सप्ताहात चित्राचं पहिलं बक्षीस मीच तिच्या हातात दिलं होतं. नाव नाही लिहीत. या वहीत ती मु.

भाऊंना फोन. "तो फोटो हटवा, आत्ताच्या आत्ता!" थोड्या वेळाने त्यांचाच फोन, "मिटवलो मॅडम." ग्रुपवर तसाच. पुन्हा फोन. "माह्या मोबाईलमधी त नाई दिसून राह्यला." चप्पल न घालता त्यांच्या शेतातल्या बांधीपर्यंत पळत गेले. मोबाईल घेऊन पाहिला. फोन दोन ओळी दाखवतो, सर्वांसाठी हटवा आणि माझ्यासाठी हटवा. यांनी खालची दाबली. एकदा ती दाबली की सर्वांसाठीची पुन्हा येतच नाही.

"ती काऊन दाबली भाऊ?"

"चूक माही होती ना मॅडम. म्हणून माह्यासाठी दाबलो."

तिथूनच साहेबांना फोन लावला.

ग्रुपचे ॲडमिन साहेब. ते चंद्रपूरला मीटिंगमध्ये, फोन बंद. त्यांनी हटवला तेव्हा दुपारची जेवणं होऊन गेली होती.

२४ नोव्हेंबर

वडशाहून मामेबहिणीचा मेसेज. "ही तुमच्याकडचीच का गं?" सोबत फोटो. तोच, पण कापून मोठा केलेला. शेजारी वाघीण चिकटवलेली, मु.च्या चेहऱ्याभोवती लाल गोल, आणि वर मोठ्या अक्षरांत 'ट्रॅप झाली'.

तो गोल मी ओळखते. अक्षरंही ओळखते. आणि शब्द आमचाच. आम्ही दिलेल्या जॅकेटसकट.

बहिणीला लिहिलं, पुढे पाठवू नकोस, काढून टाक. ती म्हणाली, मी कुठे पाठवला, फक्त तुलाच. प्रत्येक जण फक्त एकालाच पाठवतो.

२५ नोव्हेंबर

मु.च्या घरी गेले. वडील अंगणात कुडाची काठी सोलत बसलेले, वर पाहिलं नाही. आईने बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं. मग एकदम,

"तुमचा वाघ होता म्हणून नाल्यावर जाणं सोडलं बाई. घरापाशी जाऊ म्हटलं, पाळीवर, तिथं चार बाया असतेत. त तुमी तिथंच कॅमेरा लावला."

वाघामुळे बाया पाळीवर आल्या. वाघामुळे कॅमेरा पाळीवर आला. आम्हाला कुणी सांगितलं नाही, कारण दिवाकरभाऊंना कोणती बाई असलं सांगेल? आणि मी बाई असून दोन घरं फिरून विचारलं नाही. बोर्ड वाचला.

संडास? आहे ना. अंगणातच आहे, दारावर लाभार्थीचं नाव रंगवलेलं. आत शेणाच्या गोवऱ्या. पाणी अर्ध्या किलोमीटरवरून आणायचं, ते प्यायचं का त्यात ओतायचं, असं तिची आई म्हणाली.

मु. आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड. माझा आवाज ऐकून डोक्यावरून चादर घेतली.

निघताना वडील पहिल्यांदा बोलले. "संक्रांत झाली का टोळीसंग घेऊन जातो तिले. मिरची तोडाले, तेलंगणात. मंग तिकडंच पाहीन काई तरी." म्हणजे लग्न. दहावीची परीक्षा फेब्रुवारीत. आई म्हणाली, "तिचा पयला नंबर येते जी वर्गात." माझ्याकडे पाहून म्हणाली, नवऱ्याकडे नाही.

२७ नोव्हेंबर

साहेबांनी बोलावून दार लावून घेतलं. "ते कार्ड फॉरमॅट करा आणि परत लावून टाका. विषय संपला."

"सर, लहान मुलगी आहे. कळवावं लागेल."

"काय कळवणार? कॅमेऱ्याला हेतू असतो का? दिवाकरचा होता? माझा होता?"

मी म्हटलं, पंकजचा होता. साहेब म्हणाले, सरपंचांशी बोलतो. म्हणजे काय ते संध्याकाळी कळलं. सरपंच स्वतः माझ्या क्वार्टरवर. गोड बोलत, पान चघळत. "मॅडम, गाव हागणदारीमुक्त आहे. पाळीवर कोनी जातच नाई. मंग फोटो आपल्या गावचा कसा?" मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मुलगी अस्तित्वातच नाही, कारण बोर्ड आहे. वर पुढच्या महिन्यात गावाची तपासणी आहे, हागणदारीमुक्तीच्या बक्षिसासाठी.

मुलांच्या हेल्पलाइनला फोन केला. पलीकडे तरुण मुलगी, नीट बोलली. पॉक्सो लागू शकतो, शिवाय मोबाईलवरचा कायदा वेगळा. बनवणारा, पाठवणारा, साठवून ठेवणारा, सगळे त्यात येतात. आणि ज्याला माहीत झालं त्याने कळवलंच पाहिजे, न कळवणं हाच गुन्हा. मी विचारलं, घरच्यांनी नको म्हटलं तर? "तरीही, मॅडम."

नवं कार्ड कॅमेऱ्यात लावलं. जुनं फॉरमॅट केलेलं नाही. पेटीत आहे, साड्यांच्या खाली. साहेबांना "झालं सर" म्हटलं.

२९ नोव्हेंबर

तक्रार दिली. माझ्या नावाने. ठाण्यात तीन तास. हवालदाराने विचारलं, "फोटो आहे का? दाखवा, काय आहे ते पाहिल्याशिवाय कलम कसं लावणार?" मी म्हटलं, बाई अधिकारी असतील त्यांनाच दाखवेन. मग आणखी दोन तास. त्या आल्यावर वडशाहून आलेला फोटो दिला; कार्डाचं सांगितलं नाही, साहेबांना 'झालं' म्हणून बसले होते.

आल्यावर नुसता भात खाल्ला मीठ घालून.

२ डिसेंबर

पोलीस मॅडम आल्या, उपनिरीक्षक. नियमाप्रमाणे जबाब मुलीच्या घरी, बाईने घ्यायचा, गणवेश नको. तर मॅडम साध्या पंजाबी ड्रेसमध्ये. बरोबर मात्र दिव्याची जीप, आणि दोन शिपाई गणवेशात, कुंपणाशी उभे. पंधरा मिनिटांत अर्धं गाव समोरच्या चिंचेखाली. बाई आहेत चांगल्या, त्यांनाही लाज वाटली, पण ठाण्याला गाडी ती एकच.

मु. बोलली नाही. "मले काई सांगाचं नाई." एवढंच, तीनदा. मॅडम तिला म्हणाल्या, बेटा तुझं नाव कुठेच येणार नाही. तिने खिडकीतून चिंचेखालच्या लोकांकडे पाहिलं.

मग पाळीवर पंचनामा. पंच म्हणून गावातलेच दोघे उभे केले, दोघेही 'वाघ सावधान' ग्रुपमधले. सही करताना एक जण दुसऱ्याला म्हणाला, "ह्योच ना थो झाड?"

६ डिसेंबर

पेपरात आलं. नाव नाही छापलं, कायदा पाळला. 'तालुक्यातील अमुक गावातील, शेतमजुराची दहावीतील मुलगी, बोडीच्या पाळीवर.' आमच्या गावात दहावीत मुली किती आहेत ते पोस्टमनलाही माहीत आहे.

हीच चूक मी करू नये म्हणून या वहीतही गाव लिहीत नाही. कुणी वाचणार नाही, तरीसुद्धा.

११ डिसेंबर

शाळेत 'सुरक्षित मोबाईल' कार्यक्रम. तालुक्याहून पाहुणे, बॅनर, माझं नाव पाहुण्यांत. मुलींना सांगितलं, आपले फोटो टाकू नका, अनोळखीशी बोलू नका, पासवर्ड कुणाला देऊ नका. मुली टाळ्या वाजवत होत्या.

मु.कडे मोबाईलच नाही. तिच्या घरात कुणाकडेच नाही, वडिलांकडे साधा आहे बटणांचा. तिने काय टाकू नये?

मला दोन शब्द बोलायला सांगितलं. उठले आणि मुलग्यांच्या रांगांकडे वळले. "ज्यांनी ज्यांनी पाहिला आणि पुढे ढकलला, त्यांनी हात वर करा." हेडमास्तरांनी माईक घेतला आणि आभार मानले. नंतर म्हणाले, मॅडम, मुलींसमोर असं बोलायचं नसतं. मी म्हटलं, मी मुलींशी बोलतच नव्हते.

मु.ची बाकावरची जागा रिकामी. शेजारच्या मुलीने तिथे आपलं दप्तर ठेवलं आहे, म्हणजे दुसरं कुणी बसू नये. हे तिने मला मुद्दाम दाखवलं.

१९ डिसेंबर

दिवाकरभाऊंना ठाण्यात बोलावलं. आरोपींत पहिलं नाव त्यांचं, कारण पहिला पाठवणारा नंबर त्यांचा. पंकजचं नाव फक्त माझ्या तक्रारीत, पुरावा काही नाही. गावात एकाही मोबाईलमध्ये तो फोटो नाही. पोलीस यायच्या आदल्या रात्री सरपंचांनी माणूस फिरवला म्हणे, 'पोलीस मोबाईल जमा करून राह्यले, सगळे मिटवा.' सगळ्यांनी पाहिला, कुणाकडेच नाही. पंकजचा मोबाईल बोडीत पडला, असं त्याने लिहून दिलं.

भाऊ संध्याकाळी आले, दारातच उभे राहिले.

"मॅडम, साहेबानं सांगतलं होतं ना, सगळे टाका म्हणून?"

"हो भाऊ."

"साहेब त म्हनतेत, मी असं बोललोच नाई."

"मी सांगेन. मी ऐकलंय, सगळ्या गावाने ऐकलंय."

"गाव नाई सांगत आता." मग, "पोट्टी माह्या लेकीच्या वर्गात हाये मॅडम. लेक माह्याशी बोलतच नाई घरात."

भाऊंना चहा दिला, प्याले नाहीत. त्यांची नोकरीही रोजंदारीचीच.

४ जानेवारी

शेजारच्या गावात काल नाटक होतं. मी गेले नाही. सकाळी आमच्या ऑफिसचा चौकीदार हसत हसत सांगत होता. विनोदी पात्राने मधेच वळून विचारलं, "काय गा, मागं झाडाले कॅमेरा त नाई ना बांधला? नाई त आपूनबी ट्रॅप होऊ!" आणि सगळा मंडप हसून लोळला. आमच्या या झाडीपट्टीत नाटकवाल्यांना गावातली गोष्ट आधी सांगून ठेवतात, की तेवढ्यात लोक खूश. कुणी तरी जाऊन सांगितली असणार.

मु.ची आई होती तिथे. माहेरच्या माणसांसोबत गेली होती, बऱ्याच दिवसांनी बाहेर पडली होती. उठून निघून आली, पायी.

मला इतका राग आला की चौकीदाराला नको ते बोलले. तो म्हणाला, मी थोडीच केला जोक.

१२ जानेवारी

आज मु. बोलली. आईने निरोप धाडला होता, तिळाचे लाडू करून राह्यलो, या. संक्रांत जवळ आली म्हणजे मिरचीची टोळीही जवळ आली, हे तिने सांगायची गरज नव्हती.

मु. चुलीपाशी, गूळ हलवत. बारीक झाली आहे. केस कापलेत, स्वतःच, विळ्याने, असं आई म्हणाली. माझ्याकडे न पाहता विचारलं,

"मिटला का सगळ्यातून?"

मी खोटं बोलू शकले असते. "गावात कुणाकडे नाही आता."

"आन तुमच्याजवळ?"

"एक कार्ड आहे. कॅमेऱ्यातलं. पुरावा म्हणून ठेवलंय. ते दिलं की पंकजने काय केलं ते सिद्ध होईल."

"कोनाले देसान?"

"पोलीस मॅडमना."

"मंग?"

मी सांगत गेले, मूर्खासारखी, सगळं नीट समजावून. मॅडम लॅबला पाठवतील, मग सरकारी वकील, मग न्यायाधीश, आणि त्याच्या बाजूचा वकीलही...

तिने पळी खाली ठेवली. बोटांवर मोजत होती, माझ्या आधी लक्षात आलं नाही. "म्हंजे आजून इतके जन पाहतीन."

"बंद खोलीत, बेटा. कायद्याने."

"पहिलेबी कोनी मले विचारून नाई पाहलं."

लाडू बांधून दिले आईने. पिशवी अजून तशीच आहे.

१९ जानेवारी

पोलीस मॅडम ऑफिसला. साहेबांचं लेखी उत्तर त्यांच्या हातात, 'सदर कार्ड नियमित कामकाजात फॉरमॅट झाले.' साहेब पहिल्यांदाच काही लेखी देताना दिसले. मॅडमनी मला बाहेर पडवीत नेलं.

"खरं सांगा. मूळ फोटो असेल तर केस उभी राहते. वडशाहून तुम्ही दिलेला कापलेला फोटो माझ्याकडे आहे, पण कशातून कापला ते दाखवावं लागेल. मूळ ढीग दिसला की तुमचा मजूर सुटतो, तो बिचारा न पाहता टाकत गेला हे दिसतं. आणि कापणारा वेगळा आहे हे सिद्ध होतं, मग त्याला गाठता येतं. मूळ नसेल तर माझ्यापुढे फक्त पहिला नंबर उरतो."

"आणि कार्ड कुणी घरात ठेवलं असेल तर?"

माझ्याकडे पाहत राहिल्या. "पुरावा म्हणून देण्यासाठी ठेवलं असेल तर गुन्हा नाही. देणार नसेल तर मग तेही साठवणंच झालं." जीपमध्ये बसता बसता म्हणाल्या, "गुरुवारी दुपारी येते. तोवर नीट शोधा."

साहेब आतून बघत होते. जेवायच्या सुट्टीत सहज विचारल्यासारखं, "फॉरमॅट केलं होतं ना तुम्ही?" मी म्हटलं, तुम्हीच लिहून दिलंय ना सर.

२१ जानेवारी

पाळीवरचे कॅमेरे काढून आणले. वाघीण गेले दोन आठवडे पलीकडच्या कंपार्टमेंटला, म्हणजे जंगलाच्या पुढच्या तुकड्यात आहे, तिथे बांधायचे. दिवाकरभाऊ काढायला आले. शेवटचा पट्टा सोडून म्हणाले, "मॅडम, मी जेलात गेलो त माहं जाऊ द्या. पन थे पोट्टीले विचारून करा जे कराचं थे."

मी विचारलंय भाऊ, हे म्हणाले नाही. विचारलं आणि उत्तर आवडलं नाही म्हणून ऐकलं नाही, असं झालं आहे माझं.

टोळीचा टेम्पो उद्या संध्याकाळी निघतो. मिरचीला गेली की ती परत येत नाही. अशा मुली मी पाहिल्या आहेत. दोन वर्षांनी कडेवर मूल घेऊन एस.टी.तून उतरतात आणि ओळख दाखवत नाहीत.

तक्रार देताना मला काय वाटलं होतं? की कायदा आला म्हणजे ती पुन्हा शाळेत जाईल. कायदा आला, जीप घेऊन आला.

२२ जानेवारी, गुरुवार

दुपार. जेवायला क्वार्टरवर आले तर पायरीवर मु. बसलेली. एकटी आली. भर दुपारी, सगळ्या गावातून, चिंचेखालच्या लोकांसमोरून चालत. दोन महिन्यांत पहिल्यांदा घराबाहेर. मला रडूच आलं, तिला दिसू नये म्हणून आधी कुलूप काढलं.

आत ये म्हटलं, आली नाही. पाणी दिलं, प्याली. मग म्हणाली, सरळ, वर्गात उत्तर देतात तसं,

"चिप द्या मले. माह्या डोळ्यादेखत तोडा. मंग मी बाबाले सांगतो मिरचीले येत नाई. परीक्षेले बसतो. आई संग हाये माह्या."

"आणि पंकज?"

"तो त तसाच फिरून राह्यला. चिप देसान तरी फिरन, वकील करन. मले त्याचं काई नाई पाहिजे. मले थो फोटो नाई पाहिजे. कोर्टातबी नाई."

"दिवाकरभाऊंचं काय?"

त्यांच्या मुलीची मैत्रीण आहे ती. पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. "त्याइचं तुमी सांगा ना. तुमाले मालूम हाये. तुमचं बोलनं पुरत नाई का?"

पुरत नाही. हे पोरीला कसं सांगायचं, की या देशात माझ्या बोलण्यापेक्षा तुझा फोटो जास्त मानतात.

शोधते म्हणून आत आले. पेटी उघडली. साड्यांच्या खालून कार्ड काढलं. नखाएवढं आहे. दातांनीसुद्धा तुटेल. समोर ठेवून हे लिहिते आहे.

दिलं तर दिवाकरभाऊ सुटतील, बहुतेक. पंकज अडकेल, कदाचित, काही वर्षांनी. आणि मु. आज संध्याकाळी टेम्पोत बसेल, हे नक्की. तोडलं तर ती फेब्रुवारीत पेपरला बसेल. आणि भाऊ, ज्यांनी मी म्हटलं म्हणून, साहेबांनी म्हटलं म्हणून... तिच्या वतीने मी ठरवायचं नाही, हे कळतं. पण भाऊंच्या वतीने तिने ठरवायचं का? ती पंधरा वर्षांची आहे.

मघाशी आवाज आला, जीपच असं वाटलं. गिरणीवर धान नेणारा ट्रॅक्टर होता. मॅडम येतीलच एवढ्यात.

तिने सोबत एक थैली आणली आहे. गच्च भरलेली, तोंड दोरीने बांधलेलं. त्यात पुस्तकं आहेत की कपडे, ते मी विचारलं नाही.

दारातून दिसते आहे. पायरीवरच बसली आहे, रस्त्याकडे तोंड करून. मध्येच हाक मारली, "मॅडम, सापडली का?"

सापडली म्हणायला तोंड उघडलं. अजून म्हटलेलं नाही.